कॅमेरा रात्रीच का बंद पडतो?

शाळेच्या फाटकावर कॅमेरा बसवला. दिवसभर कार्यालयातल्या पडद्यावर चित्र स्वच्छ दिसते. अंधार पडला की थोड्याच वेळात पडदा काळा होतो. सकाळी पुन्हा सारे ठीक! कॅमेरा बदलून पाहिला, तरी तेच. अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा कॅमेऱ्यात नसतो, त्याला वीज पोचवणाऱ्या तारेत असतो. आणि तो शोधायला ओहमचा नियम पुरतो.

दिवे-पंख्यांना लागणारी वीज २३० व्होल्टची. टेलिफोन, संगणकांचे जाळे, कॅमेरे, आगीची सूचना देणारी घंटा यांना मात्र १२, २४ किंवा ४८ व्होल्ट पुरतात. या तारांचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही. म्हणून त्यांचा विचार सर्वांत शेवटी, रंगकाम झाल्यावर होतो. इथेच चूक होते. दाब कमी असला म्हणजे काम सोपे असते असे नाही. उलट, वाया घालवायला आपल्याजवळ व्होल्ट फारच थोडे असतात.

आता हिशेब करू. कार्यालयापासून फाटक ६० मीटर दूर आहे. वीज जायला एक तार आणि परत यायला दुसरी, म्हणजे तारेची एकूण लांबी १२० मीटर. संगणकाच्या केबलमधील तांब्याची तार सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाची असते. एवढ्या लांबीला तिचा रोध जवळजवळ १० ओहम भरतो. समजा, कॅमेरा १२ व्होल्टचा आहे आणि दिवसा तो ०.२५ अँपिअर धारा घेतो. तारेत ०.२५ × १० = २.५ व्होल्ट खर्च झाले. कॅमेऱ्यापर्यंत ९.५ व्होल्ट पोचले. कसेबसे भागले. रात्री मात्र कॅमेऱ्यातले अवरक्त दिवे लागतात आणि धारा ०.५ अँपिअर होते. आता तारेतच ५ व्होल्ट संपले, उरले ७. तेवढ्यावर कॅमेरा चालत नाही.

उपाय दोन आहेत. एक, तार जाड घ्यायची, म्हणजे रोध कमी होईल. दुसरा उपाय अधिक चतुराईचा आहे: दाब वाढवायचा. रात्रीची ६ वॉट शक्ती ४८ व्होल्टने पाठवली, तर धारा फक्त ०.१२५ अँपिअर लागते. त्याच तारेत आता जेमतेम १.२५ व्होल्ट जातात. धारा एक-चतुर्थांश झाली, म्हणून उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती एक-षोडशांश झाली. वीजकेंद्रापासून गावापर्यंत वीज उच्च दाबाने का आणतात, हे आपण वर्गात शिकवतो. हे तेच तत्त्व, फक्त लहान प्रमाणावर. संगणकाच्या केबलमधूनच संदेश आणि सुमारे ४८ व्होल्टची वीज एकत्र पाठवण्याचे मानक २००३ साली ठरले, त्यामागेही हेच गणित आहे.

तारांना पीळ कशासाठी?

संगणकाची केबल सोलून पाहा. आत आठ तारा असतात, पण सुट्या नाहीत. दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या, अशा चार जोड्या. टेलिफोनच्या तारांना असा पीळ देण्याच्या कल्पनेचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ साली मिळाले.

२३० व्होल्टच्या तारेतील धारा सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलत राहते. शेजारून संदेशाची तारजोडी समांतर धावत असेल, तर फॅरेडेच्या नियमाप्रमाणे तिच्यात नको असलेला दाब प्रवर्तित होतो. टेलिफोनमध्ये घूं असा आवाज येतो तो अनेकदा यामुळेच. पीळ दिला की जोडीचे लहान-लहान फासे तयार होतात. लगतच्या दोन फाशांत प्रवर्तित दाबाची दिशा परस्परविरुद्ध असते, म्हणून एकाने दिलेले दुसरा हिरावून घेतो. चारही जोड्यांना पीळ कमी-अधिक ठेवतात, तो त्यांनी एकमेकींत ढवळाढवळ करू नये म्हणून.

हे वर्गात दाखवता येते. पुठ्ठ्याच्या नळीवर विद्युतरोधक वेष्टनाच्या तारेचे ४० वेढे एकाच दिशेने घाला. टोके गॅल्व्हानोमीटरला जोडा आणि नळीत पट्टीचुंबक झटकन सरकवा. काटा हलेल. आता तीच तार सोडवून २० वेढे एका दिशेने आणि त्यांच्यावरच २० वेढे उलट दिशेने घाला. पुन्हा चुंबक सरकवा. काटा जवळजवळ जागेवर राहील. (घरातल्या २३० व्होल्टच्या तारांवर कोणताही प्रयोग करू नये.)

नकाशावरच ठरवावे

पीळ असला तरी अंतर हवेच. म्हणून दिव्यांच्या आणि संदेशाच्या तारा एकाच पाइपातून नेत नाहीत. त्या एकमेकींना ओलांडणारच असतील, तर काटकोनात ओलांडतात. समांतर धाव टाळली की प्रवर्तन टळते.

दुसरी मर्यादा लांबीची. अंतराबरोबर संदेश क्षीण होतो. म्हणून तांब्याच्या संगणक-केबलला १०० मीटरची सीमा घातली आहे: ९० मीटर भिंतीतून आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या जोडण्यांसाठी. हे अंतर सरळ रेषेत मोजायचे नाही. तार भिंत चढते, छताखालून वळते, पुन्हा खाली उतरते. ती सारी वाट धरायची. जोडणीची पेटी इमारतीच्या एका टोकाला ठेवली, तर दुसऱ्या टोकाच्या खोल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात. मध्यावर ठेवली तर प्रश्नच उरत नाही. दोन स्वतंत्र इमारती जोडताना प्रकाशतंतू वापरणे चांगले. तो लांबवर संदेश नेतो आणि काचेतून वीज वाहत नसल्याने जवळपास पडलेल्या विजेचा तडाखाही एका इमारतीतून दुसरीत पोचत नाही.

मोठी रुग्णालये, विमानतळ यांच्यासाठी हे काम करणारे स्वतंत्र तज्ज्ञ असतात. वास्तुशिल्पज्ञाच्या नकाशावर ते पेटीची जागा, पाइपांच्या वाटा, तारांची जाडी आणि पुढच्या गरजेसाठी रिकामे पाइप आखून देतात. आगीच्या घंटेच्या तारा ते वेगळ्या नेतात आणि आगीत काही काळ टिकतील अशा निवडतात. घंटा वाजण्याआधीच तार जळाली तर तिचा उपयोग काय?

लहान शाळेला असा तज्ज्ञ परवडेलच असे नाही. पण नवी खोली बांधताना, गिलावा होण्यापूर्वी, गुरुजी आणि दहावीचे विद्यार्थी एवढे नक्की करू शकतील: शाळेचा नकाशा काढावा, तारेची प्रत्येक वाट दोरीने मोजावी, रोध आणि दाबातील घट काढावी आणि तो कागद कंत्राटदारापुढे ठेवावा. त्या वेळी एक रिकामा पाइप टाकायला फारसा खर्च येत नाही. नंतर तोच टाकायला नवी भिंत फोडावी लागते.