पिवळ्या गळ्याची चिमणी

मुंबईस खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या सलीम अली या मुलाने १९०८ साली छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. (आज आपण दुर्बीण घेऊ!) तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. “ही कोणती चिमणी?” असे त्याने मामांस विचारले. मामांस ते ठाऊक नव्हते. परंतु काहीतरी सांगून वेळ मारून न नेता त्यांनी त्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले.

तेथील चिटणीस मिलार्डसाहेब. त्यांनी बिचकत आलेल्या त्या मुलाला चिमणीचे नाव तर सांगितलेच. शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखविले, वाचावयास पुस्तकेही दिली. नुसते नाव सांगितले असते, तर मुलगा घरी जाऊन ते विसरलाही असता.

छंदाची खरी कसोटी पुढेच लागली. १९३० साली सलीम अलींना नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीम येथे ते सुगरण पक्ष्यांची घरटी तासन् तास न्याहाळीत बसत. नर घरटे अर्धे विणून थांबतो आणि मादीने येऊन ते पसंत केले, तरच पुरे करतो, असे त्यांना तेथे दिसून आले.