खोडलेला क्रमांक पुन्हा कसा दिसतो?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारी, दुचाकी आणि त्यांचे असंख्य सुटे भाग तयार होतात. प्रत्येक वाहनाच्या सांगाड्यावर त्याचा चासी क्रमांक असतो. हा क्रमांक 17 अक्षरा-अंकांचा असून एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे त्यात वापरत नाहीत. चोरलेले वाहन विकायचे तर हाच क्रमांक आड येतो. मग तो कानशीने घासून त्या जागी दुसरा ठोकला जातो.

पृष्ठभाग गुळगुळीत झाला म्हणजे पुरावा नष्ट झाला का? नाही. पोलादी ठसा धातूवर ठोकला की खड्डा पडतो, हे डोळ्यांना दिसते. पण खड्ड्याच्या तळाखालची स्फटिकरचनाही दबून विस्कळीत होते, ते दिसत नाही. चोर घासतो तो खड्डा. खालचा दबलेला थर बहुधा शिल्लक राहतो.

असा दबलेला धातू भोवतालच्या धातूपेक्षा रासायनिक क्रियेत वेगाने भाग घेतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत याचाच उपयोग करतात. आधी छायाचित्रे घेऊन मगच जागा साफ करतात व घासून चकचकीत करतात. मग पोलादावर क्युप्रिक क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी यांचे ‘फ्राय द्रावण’ बोळ्याने फिरवतात. अ‍ॅल्युमिनियमसाठी द्रावण वेगळे असते. हळूहळू मूळ अंक धूसर उमटतात. ते पुन्हा पुसट होऊ शकतात, म्हणून लगेच छायाचित्र घ्यावे लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दबलेला थरच खरवडला गेला असेल तर काही उमटत नाही. तीन की आठ, असा संशय असेल तर तज्ज्ञाने तसेच नोंदवले पाहिजे. अंदाजाने भरलेल्या एका अंकामुळे भलत्याच गाडीचा मालक गोवला जाऊ शकतो.

हे तत्त्व वर्गात आम्लाशिवाय दाखवता येते. मऊ लाकडाच्या फळीवर बोथट खिळ्याने ठोकून एखादा अंक दाबा. मग खड्डे नाहीसे होईपर्यंतच फळी पॉलिश पेपरने घासा. आता त्या जागी गरम पाण्यात भिजवलेले फडके ठेवा. दबलेले तंतू पाणी शोषून फुगतात आणि नाहीसा झालेला अंक उठावात वर येतो. क्रिया वेगळी, पण तत्त्व एकच: खूण पुसली तरी दाबाचा परिणाम आत राहतो. किती खोल घासल्यावर अंक उमटेनासा होतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.