जुना तोंडवळा, दुसरा मालक

महाराष्ट्रातील व्यापारी घराण्यांच्या आठवणीत ‘घरची मोटार’ म्हटले की बहुधा एकच आकृती उभी राहते. ती प्रीमियरच्या फियाटची. सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि १९५०च्या दशकात तेथे इटलीची फियाट आली. पुढे तिचीच ‘पद्मिनी’ झाली. पेढीचे मुनीम, लग्नाची वरात, कापडाचे गठ्ठे आणि तीर्थयात्रेची पथारी हे सारे तिने एकाच निष्ठेने वाहिले. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही उतरली.

आता त्याच घराण्यांतील मुले-नातवंडे गोल दिव्यांच्या, फुगीर बॉनेटच्या छोट्या गाड्यांकडे ओढली जाताना दिसतात. या गाड्या जुन्या नव्हेत. त्यांचा केवळ तोंडवळा जुना. फोक्सवॅगनची बीटल, फियाटची ५००, बीएमडब्ल्यूच्या छत्राखालची मिनी, ही त्यातली ठळक नावे. नव्याने घेताना त्यांची किंमत ऐकून बहुतेक जण मागे सरत. आता मात्र त्या दुसऱ्या, तिसऱ्या हातात आल्या आहेत आणि ‘एवढ्या पैशात एवढी गाडी’ हे वाक्य घरोघरी उच्चारले जाऊ लागले आहे. ते वाक्य अर्धेच खरे असते. उरलेला अर्धा भाग तपासल्याशिवाय इसाराची रक्कम हातातून सोडू नये.

या प्रकारच्या गाडीचा जन्म कसा झाला, हे समजून घेतले तर तिच्यावर खर्च कोठे होतो हेही उमगते. मूळची छोटी फियाट ५०० दान्ते जियाकोसा या अभियंत्याने साकारली. ती ४ जुलै १९५७ रोजी लोकांपुढे आली. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ रोजी, त्याच नावाची आणि त्याच चेहऱ्याची नवी गाडी आली. तिचा सांगाडा मात्र त्या वेळच्या फियाट पांडा या साध्या गाडीवर बेतलेला होता. मूळ मिनी १९५९ सालची, सुएझ संकटानंतरच्या इंधनटंचाईतून जन्मलेली. नवी मिनी २००१ साली आली. फोक्सवॅगनची ‘न्यू बीटल’ १९९७च्या अखेरीस मेक्सिकोतील पुएब्ला येथे बनू लागली. तिच्या पोटात मुळात गोल्फ होती. जपानमध्ये निस्सानने १९९१ साली ‘फिगारो’ नावाची अशीच गाडी मायक्राच्या सांगाड्यावर उभी केली. ती फक्त वीस हजार बनवली आणि मागणी इतकी झाली की घेणाऱ्यांची निवड सोडतीने करावी लागली.

थोडक्यात, आतला देह चारचौघांसारखा, वरचा साज तेवढा निराळा. खरेदीचा सारा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

फियाट ५०० चे उदाहरण घ्यावे. २००८ साली ती भारतात आयात होऊन आली तेव्हा तिच्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन होते. हे इंजिन येथे कोणाला अपरिचित नाही. मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते धावले आणि पुण्याजवळच्या रांजणगावला तयारही झाले. त्यामुळे कराड असो की जालना, मल्टिजेट खोलून पुन्हा बसवणारा मेस्त्री सापडतो. न्यू बीटलची गोष्टही फार वेगळी नाही. भारतात विकली गेलेली पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आणि न्यू बीटल या एकाच सांगाड्याच्या बहिणी. ज्याच्या हाताखालून जुन्या ऑक्टाव्हिया गेल्या आहेत, त्याला बीटलच्या खालच्या भागात नवे काही दिसणार नाही. पण तिचा पुढचा दिवा फुटला, मागची वक्र काच तडकली किंवा मडगार्ड चेपले, तर? स्विफ्टचा दिवा तेथे बसत नाही. बीटलचे उत्पादन जुलै २०१९ मध्ये जगभर थांबले. फियाटनेही भारतातील आपली विक्री त्याच सुमारास गुंडाळली. अशा सुट्या भागासाठी परदेशी मागणी नोंदवावी लागते, जकात भरावी लागते आणि गाडी तोवर गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहते. म्हणून साधी जुनी गाडी घेताना गिऱ्हाईक इंजिनाकडे आधी बघते ते योग्यच. या गाड्यांत मात्र आधी काचा, दिवे, आरसे, दारांच्या कडा आणि रबरी पट्ट्या तपासाव्यात. एका बाजूचा दिवा नवा आणि दुसऱ्या बाजूचा पिवळट असेल, तर त्यामागे काही इतिहास आहे असे समजावे.

मिनी अजूनही भारतात विकली जाते, त्यामुळे तिचे भाग मिळण्याची अडचण कमी. किमतीची अडचण मात्र जास्त. तिच्या दुसऱ्या पिढीतील, म्हणजे २०१३-१४ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांत टायमिंग चेनचा ताण सैल पडणे आणि इंजिनाने तेल पिणे या तक्रारी जगभर परिचित आहेत. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करून ऐकावी. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. २०१५ च्या अखेरीस भारतात आलेल्या दुसऱ्या बीटलमध्ये सात गतींचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. मोकळ्या महामार्गावर तो गोडच वाटतो. त्याची परीक्षा बाजारपेठेतल्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गतीत घ्यावी. तेथे गाडी थरथरू लागली, तर दुरुस्तीचा आकडा अधिकृत कार्यशाळेतून लेखी मागवावा आणि मगच किमतीची बोलणी करावीत.

‘गाडी फार कमी फिरली आहे’ ही या गाड्यांची नेहमीची जाहिरात. ती बहुधा खरीही असते, कारण श्रीमंत घरात ही तिसरी-चौथी गाडी असते आणि हौस फिटली की ती वाहनतळावर उभी राहते. पण उभी गाडीही म्हातारी होते. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही असा टायर बदलावा लागतो. रबरी नळ्या, बॅटरी आणि थंड हवेच्या यंत्राची सीलेही न वापरल्यामुळेच जातात.

सांगली-कोल्हापूरकडील कुटुंबांना दुसरा एक धोका समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरांत कित्येक गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या आणि त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गाळाची रेघ राहते ती तेथेच. पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांचे लोखंडी रूळ पाहावेत आणि दिव्यांच्या आत दव साचले आहे का तेही पाहावे. सुगंधी द्रव्याचा वास फारच दरवळत असेल, तर नाक अधिक सावध ठेवावे.

जैन कुटुंबांत या खरेदीला आणखी एक प्रश्न चिकटलेला असतो आणि तो पुष्कळदा व्यवहार ठरल्यावर उपस्थित होतो. या गाड्यांची आसने अनेकदा खऱ्या चामड्याची असतात. घरातील तरुण म्हणतात, जे झाले ते पूर्वीच्या मालकासाठी झाले, आपण नवे काही करविले नाही. आजी म्हणतात, करविले नसेल, पण रोज बसणार कशावर? दोघांचेही म्हणणे घरात नीट ऐकून घ्यायला हवे, आणि तेही पैसे देण्यापूर्वी. पुष्कळ ठिकाणी यावर आसनांवर कापडी खोळ चढवण्याचा सोपा उपाय काढला जातो. तो दोन्ही अर्थांनी वरवरचा आहे. मिनी आणि बीटलसारख्या गाड्यांत बाजूची हवेची पिशवी पुढील आसनाच्या पाठीतच बसवलेली असते. साधी खोळ घातली, तर अपघाताच्या क्षणी ती पिशवी अडकू शकते. आसने पूर्ण उसवून कृत्रिम कापडात नव्याने मढवून घ्यायची असतील, तर पिशवीच्या जागी फाटणारी विशेष शिवण घालणारा कारागीरच गाठावा आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरावा. स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा यांवरील वेष्टनही चामड्याचे असते, हे सहसा लक्षात येत नाही. काही गाड्या मुळातच कापडी किंवा कृत्रिम आसनांच्या निघाल्या होत्या. थोडी वाट पाहून तशी गाडी मिळवणे अधिक सोयीचे.

कागदांकडे वळताना व्यापाऱ्याची नजर आपोआप तीक्ष्ण होते, पण येथेही काही जागा निसरड्या आहेत. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ हवा. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३०. गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. ‘नाव सावकाश बदलू’ हे वाक्य विकणाऱ्याला अधिक महागात पडते. दफ्तरी ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. मधल्या विक्रेत्याकडे गाडी सोपवायची असेल, तर तो अधिकृत आहे का हे पाहावे. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी नियम लागू आहेत आणि नमुना २९क (इंग्रजीत २९सी) भरून दिला की गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

दिल्लीहून किंवा पुदुच्चेरीहून येणारी स्वस्त गाडी हा मोठा मोह असतो. महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर येथे नोंदणी आणि येथला कर चुकत नाही, आणि आयात गाडीला तो कर चढाच असतो. शिवाय खासगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची. २००८-०९ च्या गाड्या ती मुदत ओलांडून गेल्या आहेत. त्यांचे नूतनीकरण झाले आहे का, हरित कर भरला आहे का, हे आधी पाहावे. परदेशी बनावटीच्या गाडीचे नूतनीकरणाचे शुल्क देशी गाडीच्या कितीतरी पट असते, हे येथे विसरू नये.

आता पेढीचा हिशेब. गाडी फर्मच्या नावे घ्यावी की घरच्या, हा प्रश्न चोपड्यापाशी बसूनच सुटतो. फर्मच्या नावे घेतल्यास वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, परंतु अन्य मालाच्या व्यापाऱ्याला अशा प्रवासी गाडीवरील वस्तू-सेवा कराची वजावट मिळत नाही. पुढे फर्मने तीच गाडी विकली, तर घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जेवढे जास्त आले, त्यावर १८ टक्के कर. जास्त काही आलेच नाही तर शून्य. जानेवारी २०२५ पासून हा दर सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांना सारखा झाला. घरच्या नावाची, धंद्यात न वापरलेली गाडी विकताना हा कर येत नाही.

रोखीविषयी तर फार स्पष्ट असावे. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारणे कायद्याला मान्य नाही. रक्कम तीन दिवसांत तुकड्यांनी घेतली तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि दंड होतो तो स्वीकारणाऱ्यास, स्वीकारलेल्या रकमेइतका. फर्मने गाडीसाठी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम गाडीच्या किमतीत धरली जात नाही. घसाराही तेवढा बुडतो. ‘थोडे वरून देऊ’ अशी बोलणी अजूनही होतात, आणि ती करणारे दोघेही आपापल्या पेढीवर असा कच्चा हिशेब एक दिवसही चालू देणार नाहीत, हे विशेष.

विमा हा शेवटचा, पण घाईत राहून जाणारा भाग. तिऱ्हाइताची जोखीम गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमा कंपनीत अर्ज करून नावावर केल्याखेरीज मिळत नाही. त्यासाठी १४ दिवस असतात. दावा न केल्याची सवलत गाडीची नसते, माणसाची असते. विकणारा ती आपल्याबरोबर घेऊन जातो आणि घेणाऱ्याला फरक भरावा लागतो. जुन्या आयात गाडीचे विमामूल्य कमी आणि सुट्या भागांची किंमत जास्त, त्यामुळे एका मध्यम अपघातातही विमा कंपनी गाडी संपूर्ण निकामी ठरवू शकते. हा धोका वर्षाच्या खर्चात मांडूनच किंमत ठरवावी.

ताबा घेताना विक्रेत्याने आपला फास्टॅग काढून घेतला आहे ना, हे पाहावे. सेवा-नोंदींची वही, कस्टम्सच्या कागदांची प्रत आणि दुसरी किल्ली मागून घ्यावी. या गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि हरवलेली किल्ली नव्याने करून घेण्यास बराच खर्च व वेळ लागतो. विक्रेता ‘ती घरी आहे, पाठवतो’ म्हणाला, तर उरलेली रक्कमही किल्ली आल्यावरच पाठवावी.