जुळ्यांचा टाका, जुळ्यांची विश्रांती

आयव्हीएफनंतर सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरात पहिला हुकूम सुटतो: ‘आता पलंगावरून उतरायचं नाही.’ भीती खोटी नाही. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. पण पडून राहिल्यानं बाळंतपण लांबतं, हे अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट स्नायू कमकुवत होतात आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

दुसरा हट्ट टाक्याचा. ‘एवढा खर्च करून राहिलंय, पिशवीच्या तोंडाला टाका घालूनच टाका ना!’ पोटात एकच बाळ असेल, पूर्वी अकाली प्रसूती झाली असेल आणि आता तोंड आखूड होत असेल, तर टाका कामी येतो. जुळ्यांत तो सरसकट घालण्यात फायदा नाही. २००५ मध्ये आधीच्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा तोंड आखूड असलेल्या जुळ्यांच्या आयांमध्ये टाक्यानंतर अकाली प्रसूती उलट जास्तच दिसली. बायका मोजक्याच होत्या, पण डॉक्टर सावध झाले ते तेव्हापासून. मात्र २४ आठवड्यांच्या आत तोंड उघडलेलंच आढळलं, तर तोच टाका बाळं वाचवू शकतो, असं २०२० च्या एका चाचणीत दिसलं. म्हणून टाक्याआधी मोजमाप हवं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गे सोनोग्राफी करतात. लांबी २५ मिलिमीटरच्या आत भरली, तर योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो.

‘एकच भ्रूण सोडला, म्हणजे जुळी होणारच नाहीत’ हेही खरं नाही. तो एक कधीकधी दुभंगतो आणि दोन बाळं बहुधा एकाच वारेवर वाढतात. वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीत नीट कळतं. पुढे ते ओळखणं अवघड. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी, कारण एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळू शकतं.

‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ ही समजूत तर साफ चुकीची. पोटातला प्रत्येक जादा आठवडा फुफ्फुसांच्या फायद्याचा.

कळा थांबवणारं औषध बाळंतपण महिनाभर पुढे ढकलत नाही. मिळतात ते साधारण ४८ तास. तेवढ्यात फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात आणि बाळं पोटात असतानाच आईला मोठ्या रुग्णालयात हलवता येतं. तिथे एनआयसीयूत एकाच वेळी दोन जागा मिळतील का, हे सहाव्या महिन्यातच विचारून ठेवावं.