टायर घेण्याआधी टायर वाचा

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी बैलगाडी असे. आता पुष्कळ दारांत पिकअप उभी दिसते. जुन्नर, ओतूर, नारायणगाव या भागात टोमॅटोचे क्रेट भरून ती रात्री निघते, माळशेज घाट उतरते आणि पहाटे कल्याणच्या बाजाराला लागते. गाडी, माल आणि आत बसलेली माणसे, हे सारे ओझे रस्त्याला टेकते ते चारच ठिकाणी. त्या प्रत्येक ठिकाणी टायरचा हाताच्या पंजाएवढाच भाग जमिनीवर असतो. घाटात पाऊस लागला असताना गाडी थांबायची की घसरायची, हे त्या चार पंजांवर ठरते.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. ती सैल झाली तर खडखड वाजून सांगे. टायर असा बोलत नाही. पण त्याच्या अंगावर लिहिलेले असते, आणि ते आपल्याला वाचता येते. अक्षरे इंग्रजी असली म्हणून बिचकू नका. थोडीच अक्षरे आणि थोडेच आकडे आहेत.

समजा, टायरच्या बाजूवर लिहिले आहे, १९५/८० आर १५ एल टी. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८० इतकी, म्हणजे १५६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत. एल टी ही अक्षरे हलक्या मालगाडीची. ती बघायला विसरू नये. मोटारीचा टायर मापाने बसेलही, पण पिकअपचे ओझे त्याला पेलणार नाही.

पुढे आणखी एक आकडा असतो, तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. समजा तो १०६ आहे. याचा अर्थ १०६ किलो नव्हे! हा खुणेचा आकडा आहे. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. मागे १०६ चे दोन टायर असतील तर दोघांचे मिळून १९०० किलो झाले. त्यात नुसता माल धरायचा नाही. गाडीच्या मागच्या भागाचे स्वतःचे वजनही त्यातच आले. आता दुकानदाराने शंभर आकड्याचा टायर दाखवला आणि "स्वस्त आहे, घेऊन टाका" म्हटले, तर हिशेब करा. दोन टायरांत ३०० किलोंची ताकद कमी झाली. गाडीला कोणता टायर पाहिजे, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराशी त्याची चिठ्ठीही चिकटवलेली असते. ती वाचून, कागदावर उतरवून मगच दुकानात जावे.

दुकानात गेल्यावर टायरचे वय विचारू नका, वाचा. बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३५२३ असे असेल तर टायर २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. म्हणजे ऑगस्टअखेरीस. एका बाजूला हे आकडे नसले तर टायर उलटून दुसरी बाजू पाहा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दुकानात पाच वर्षांचा टायर नवा म्हणून दाखवला होता. टायर चकचकीत होता, कागदही निघाला नव्हता. गृहस्थांनी चार आकडे मोठ्याने वाचले. दुकानदार काही न बोलता आत गेला आणि दुसरा टायर घेऊन आला. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. वापरातल्या टायरला पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवावे. दहा वर्षांचा टायर वरून कितीही धड दिसला तरी काढून टाकावा.

आता नक्षी. सरळ उभ्या रेघांचा टायर डांबरी रस्त्यावर चांगला पळतो, कमी तापतो, आणि गाडी हाताला हलकी लागते. आडव्या जाड ठोकळ्यांचा टायर चिखलातून गाडी ओढतो, पण सडकेवर आवाज करतो आणि लवकर झिजतो. बहुतेकांची गाडी वावराच्या बांधापर्यंत जाते आणि बाकी सारा वेळ सडकेवर असते. त्यांनी दोन्हींच्या मधली, मिश्र नक्षी घ्यावी. काही टायरांवर एम आणि एस ही अक्षरे दिसतात. ती चिखल आणि बर्फ यांची खूण. बर्फ आपल्याकडे नाही, चिखल मात्र भरपूर आहे! पण नुसत्या या खुणेसाठी जादा पैसे मोजू नयेत.

पावसात नक्षीच्या खोबणीतून पाणी बाहेर जाते. खोबण उथळ झाली की पाणी टायरखाली अडकते, गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते, मग ब्रेक दाबून उपयोग नाही. खोबणीच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्याशी सपाट झाली की टायर संपला. पण घाटातून जाणाऱ्याने तिथवर थांबूच नये. काडेपेटीतली काडी खोबणीत उभी धरा, नखाने खूण करा आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. तीन मिलिमीटरच्या खाली आले असेल तर मृगाच्या आधी नवा टायर घालावा. टायर बदलायचे तर एका आसावरचे दोन्ही बदला. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे जुन्या पद्धतीचा, असं कधी करू नये.

उन्हाळ्यातला धोका वेगळा. तापलेला रस्ता, जादा माल, कमी हवा आणि सलग वेग, हे चार एकत्र आले की टायर फुटतो. कमी हवेचा टायर चालताना वाकतो, आणि वाकून वाकून आतून तापतो. लोकांची समजूत उलटी असते. ऊन आहे म्हणून ते हवा कमी भरतात. असं करू नका. पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात, त्याप्रमाणे भरा. हवा थंड टायरात मोजावी, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी. वाटेत टायर गरम असताना आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नये. हिवाळ्यात आकडा आपोआप उतरतो. हवामान १५ अंशांनी थंडावले तर पन्नास पौंडांच्या टायरात साधारण तीन पौंड कमी दिसतील. नायट्रोजन भरा म्हणून कोणी आग्रह करील. साध्या हवेतच शेकडा ७८ भाग नायट्रोजन असतो. दर आठवड्याला हवा मोजली तर ते पैसे वाचले समजा.

झिजेवरूनही पुष्कळ कळते. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडांना झिजला तर कमी. एकाच कडेला झिजला तर चाकांची दिशा बिघडली आहे, ती आधी सरळ करून घ्या. नाहीतर नवा टायरही तसाच खाल्ला जाईल.

आणि स्टेपनी. ती गाडीखाली धुळीत लटकलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिच्यावरचे चार आकडेही वाचा आणि दर महिन्याला तिची हवा मोजा.