गुरांमागे जाणाऱ्या पोरांची शाळा

शिक्षणविषयक जुने अहवाल वाचण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. त्यांत एक शेरा वेष पालटून सारखा भेटत राहतो : खेड्यातल्या आईबापांना शिक्षणाची आस्था नाही. अधिकारी बदलले, राज्यकर्ते बदलले, पण हा शेरा काही हलला नाही. त्याला मिळालेलं सर्वांत खणखणीत उत्तर मात्र १८८२ सालीच लिहून झालं होतं.

शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेलं इंग्रजी निवेदन अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. जोतीरावांनी त्यात आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुण्याच्या जुना गंज पेठेतील म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आरोप आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी, दोन्ही पुष्कळदा उद्धृत होतात. मला खिळवून ठेवतं ते त्यापुढचं, शाळेच्या आतलं लिखाण.

गरीब शेतकरी मुलांना शाळेत का धाडत नाही, याचं कारण जोतीराव सरळ सांगतात. घरात कमालीचं दारिद्र्य आहे; गुरं राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला पोरंच लागतात. म्हणून सक्तीच्या जोडीला ते मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं मागतात. कष्टकऱ्याच्या घरात शिक्षणाची गोडी लागायची तर मूल शाळेत गेल्याने पडणारी खोट कुणीतरी भरून काढली पाहिजे, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. पुण्याजवळच्या खेड्यांतली शेतकरीघरं त्यांनी आतून पाहिली होती. सवर्णांच्या मुलांशेजारी महार-मांगांच्या मुलांना बसू दिलं जात नाही, हेही त्यांनी आयोगाला स्पष्ट ऐकवलं.

मुलांनी शिकायचं काय, याची त्यांची यादी आजही थक्क करते. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. शेतीचा धडा हातांनी गिरवता यावा म्हणून शाळेला जोडून छोटंसं नमुनाशेत असावं, असंही ते सुचवतात. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण उपयुक्ततेत ती शहरातल्या शाळेहून उणी नको. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरायला न लाजणारा. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा ते वीस. तपासनीसाने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही; त्याने निदान तिमाहीला यावं आणि आगाऊ वर्दी न देता यावं. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या माणसाला पालक बेफिकीर वाटत नाहीत. बेफिकिरी त्याला शाळा चालवणाऱ्यांत दिसते.

पुढचा इतिहास सक्तीचा आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात ती आणली. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात पाऊल उचललं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला गेला. हे कायदे गरजेचे होते. पण गुरं कोणी राखायची, हा सवाल दंडाने सुटत नव्हता.

तो सोडवायला शाळाच उठून निघाली, ती डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीत, घरासमोरच्या अंगणात भरू लागली. आज देशभर रुजलेल्या अंगणवाडीचं हे मूळ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं सकाळीच गुरांमागे जात, म्हणून शिक्षकही त्यांच्यामागे कुरणात गेले. गुरं चरत असताना खडे, पानं, बिया मांडून गणती चाले. ही कुरणशाळा. धाकटं भावंड कडेवर घेऊन फिरणाऱ्या पोरीची अडचणही ओळखली गेली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. तान्हं पाळणाघरात ठेवून ताईला वर्गात बसता येऊ लागलं.

माझ्या मते पालकांना शाळेशी जोडणं म्हणतात ते हेच. ताराबाई-अनुताईंनी घराचं कामकाज आधी पाहिलं आणि शाळा त्याप्रमाणे वळवली.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं तो सांगतो. जोतीरावांच्या निवेदनानंतर सव्वाशे वर्षांनी आईबापांना मिळालेलं हे बळ मोठं आहे. ते बांधकाम, रंगरंगोटी आणि पोषण आहारापुरतं राहू नये. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात किती घरं गाव सोडतात, कुठली मुलं सोबत जातात, कुणाच्या अंगावर तान्हं भावंड असतं, हे समितीतल्या आयाबहिणींना कोणत्याही अहवालाहून जास्त ठाऊक असतं. शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने सरकारी शाळांच्या समितीला दिलेलाच आहे. त्या आराखड्याचं पहिलं पान या माहितीचं असावं, आणि शाळेच्या वेळा, सुट्ट्या त्यावरून ठरवण्याची मोकळीक शिक्षण खात्याने द्यावी.