विहिरीखालची तांबडी रेघ

गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेचा मसुदा संगणकावर तपासत होते. ‘विहीर’ हा शब्द निर्धास्त उभा होता. ‘विहिरीला’खाली मात्र तांबडी नागमोडी रेघ. शब्द बरोबर असूनही रेघ जाईना, तेव्हा मुलीने वाक्यच बदलले. व्याकरण जाणणाऱ्या मुलीने यंत्रापुढे माघार घ्यावी, हे मला खटकले.

ही रेघ कोण काढते, याचा शोध घेताना मी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरपाशी पोहोचले. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते, ते मुक्तस्रोत. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांत शुद्धलेखन तपासणारी ‘हनस्पेल’ ही प्रणाली त्यातलीच. ती मुळात हंगेरियनसाठी घडली, त्यामुळे प्रत्ययबहुल भाषा तिला परक्या नाहीत. तिला प्रत्येक भाषेसाठी दोन साध्या फाइली लागतात. एकीत शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दापुढे एक खूण. दुसरीत त्या खुणेचा नियम, म्हणजे शब्दाचा शेवट कसा बदलतो आणि कोणते प्रत्यय लागतात. ‘घोडा’चे ‘घोड्या’, ‘भाषा’चे ‘भाषे’, ‘भाऊ’चे ‘भावा’. आपण वर्गात शिकवतो तीच ही सामान्यरूपे.

खरी अडचण पुढे येते. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’. तत्सम शब्दात उपान्त्य दीर्घ स्वर टिकतो, इतर शब्दांत तो ऱ्हस्व होतो. शब्द कोणत्या कुळातला हे अक्षरांवरून यंत्राला कळत नाही. कोणीतरी जाणत्याने खूण करावी लागते. उत्तम आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला हा भेद ठाऊक असेलच असे नाही. म्हणून या कामात मराठीचा अभ्यासक पाहुणा नाही, त्याच्यावाचून ते अडलेले आहे.

नवख्याने सुरुवात रोज वापरातल्या सॉफ्टवेअरपासून करावी आणि पहिले काम म्हणून दोषाची नोंद करावी. ‘मराठी नीट चालत नाही’ ही तक्रार झाली, नोंद नव्हे. कोणती आवृत्ती, कोणता शब्द टंकला, काय दिसले, काय दिसायला हवे होते, हे लिहावे. एका नोंदीत एकच दोष असावा. तीच नोंद आधी कोणी केली आहे का, तेही पाहावे. पाठचिकित्सा केलेल्यांना ही शिस्त नवी नाही. त्यानंतर पाच-दहा शब्दांची दुरुस्ती सुचवावी. ती कोणीतरी तपासतो, शंका विचारतो, कधी परत पाठवतो. त्यात अपमान मानू नये. (इथे कोणी पदवी विचारत नाही, हे आपल्यापैकी काहींना पचायला जड जाईल.) मात्र छापील कोशातली यादी जशीच्या तशी उतरवू नये, कोशाचे हक्क कोणाचे तरी असतात.

ज्यांना भाषांतर जवळचे वाटते, त्यांच्यासाठी ‘ट्रान्सलेटविकी’ आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्यातली बटणे आणि सूचना तिथे मराठीत येतात. काम एकेका ओळीचे, पण फसवे. मूळ सूचनेत नावाच्या जागी फक्त एक खूण असते. तिथे कोणते नाम येईल ते आधी कळत नाही. मग ‘काढला’, ‘काढली’ की ‘काढले’? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. अशा वेळी ‘हटवण्यात आले’ असे सरकारी वळण घेण्याऐवजी वाक्याची रचना फिरवून लिंग टाळता येते का, ते पाहावे. ओळीसोबतची टीप आधी वाचावी. पुष्कळदा उत्तर तिच्यातच असते.

त्या विद्यार्थिनीने दहा शब्द सुचवले. परत प्रश्न आला: यांतले तत्सम कोणते? सध्या ती ‘ईर’ आणि ‘ईब’ने संपणारे शब्द वेगळे काढते आहे. ‘वजीर’पाशी आमचे दोघींचे अर्धा तास बोलणे झाले.